संपीडित हवेचा नळ : पदार्थनिवडीचे निकष

बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा व खामगाव या गावांवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगतच्या वाहनदुरुस्तीच्या कार्यशाळांत कॉम्प्रेसर ही नित्याची वस्तू आहे. त्यापासून निघणाऱ्या नळास व्यवहारात 'पाइप' म्हणतात, आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळासही तेच नाव आहे. नाम एक असल्यामुळे वस्तूही एकच, असे अनुमान सहज केले जाते. ते मात्र घातक ठरू शकते.

पाणी जवळजवळ असंपीड्य आहे. हवेचे तसे नाही. सात बार मापदाबास एक घनमीटर जागेतील संपीडित हवेत साठलेली ऊर्जा, तितक्याच दाबाखालील तितक्याच पाण्यातील ऊर्जेच्या हजारो पट असते. पाण्याचा नळ तडकला तर दाब तत्क्षणी उतरतो. हवेचा नळ फुटला तर हवा प्रसरण पावत राहते आणि तुकडे दूरवर फेकते.

साध्या पीव्हीसी नळाचा दोष येथेच प्रकट होतो. तो स्वस्त, हलका व गंजमुक्त खरा. परंतु तो ठिसूळपणे फुटतो व त्याच्या अणकुचीदार ठिकऱ्या उडतात. शिवाय २३ अंश सेल्सिअसला असलेल्या त्याच्या दाबक्षमतेपैकी ४३ अंशांना सुमारे निम्मी, तर ६० अंशांना सुमारे एकपंचमांशच उरते. वऱ्हाडातील वैशाखात सावलीतील तपमानही ४० अंशांच्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली ते अधिकच असते, आणि कॉम्प्रेसरमधून निघणारी हवाही तापलेली असते. म्हणूनच अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने १९८८ साली जमिनीवरील उघड्या संपीडित वायुमार्गांत पीव्हीसी वापरण्याविरुद्ध इशारा दिला. छापील दाबमान पाण्यासाठीचे असते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा निकष आर्द्रतेचा. ३० अंशांना एक घनमीटर हवेत अधिकात अधिक सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. ५० टक्के आर्द्रतेची आठ घनमीटर हवा दाबून एक घनमीटर केली, तर तिच्यात १२० ग्रॅम बाष्प येते. ती पुन्हा ३० अंशांपर्यंत निवाली की त्यांपैकी ९० ग्रॅमचे पाणी होते. हे पाणी काळ्या लोखंडी नळास आतून गंजविते. जस्तलेपित, म्हणजे जी. आय. नळ अधिक टिकतो. पण कालांतराने लेपाचे कण सुटून झडपा व हत्यारांत अडकतात. तांबे गंजत नाही, मात्र ते महाग असून त्याचे सांधे ब्रेझिंगने करणे इष्ट. ॲल्युमिनियमचे नळ हलके व आतून स्वच्छ असतात; त्यांच्या जोडण्याही सोप्या, परंतु आरंभीचा खर्च अधिक.

मर्यादित भांडवलाच्या कार्यशाळेस जी. आय. अथवा काळा लोखंडी नळ पुरेसा होतो. मात्र त्यास शंभरास एक असा उतार द्यावा, सखल टोकाशी पाणी काढण्याची तोटी ठेवावी आणि उपशाखा मुख्य नळाच्या वरच्या अंगाने काढाव्यात. प्लास्टिकच हवे असेल, तर संपीडित हवेसाठी म्हणूनच निर्मात्याने प्रमाणित केलेले घ्यावे.

सारांश, 'हा नळ किती दाब सोसतो?' एवढा प्रश्न पुरेसा नाही. 'कशाचा दाब, कोणत्या तपमानास, आणि फुटल्यास कसा फुटेल?' असे तो पूर्ण विचारला पाहिजे.