निर्माण भवन ते नॉर्थ ब्लॉक : एका विधेयकाची वाट

डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांना जरब बसवणारा केंद्रीय कायदा हवा, ही मागणी राजधानीला नवी नाही. जून २०१९ मध्ये कोलकात्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाच्या मृत्यूनंतर जमावाने कनिष्ठ डॉक्टरांना मारहाण केली. देशभर संप झाला आणि निर्माण भवनातील आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबरमध्ये विधेयकाचा मसुदा जाहीर केला. गंभीर इजेसाठी १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात होती. नॉर्थ ब्लॉकने, म्हणजे गृह मंत्रालयाने, हरकत घेतली : एकाच व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा कशाला? विधेयक बासनात गेले.

काही महिन्यांतच करोना आला. २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश निघाला, १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. हल्ला अजामीनपात्र ठरला, तपासाला ३० दिवसांची मुदत आली, गंभीर इजेला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आली. व्यवसायाचा मुद्दा तेव्हा कोणालाही आडवा आला नाही. संसर्गाचा फैलाव रोखणे हा समवर्ती सूचीतला विषय आहे, ही तांत्रिक सबब खरी. पण साथ ओसरली की हे संरक्षणही ओसरते. गरजेपुरतेच डॉक्टर आठवावेत, हा दिल्लीचा जुनाच शिरस्ता.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्याच आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावरील प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि आदेशात मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावरील १९७३ च्या हल्ल्याचे स्मरण केले. न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने मात्र नोव्हेंबरमध्ये सांगितले, की वेगळा केंद्रीय कायदा नको. २४ राज्यांचे कायदे आहेत, उरलेले भारतीय न्याय संहितेत बसते.

कायद्याच्या दृष्टीने हे चूक नाही. पश्चिम बंगालचा कायदा २००९ चा, महाराष्ट्राचा २०१० चा. कोलकात्यातील दोन्ही घटना घडल्या तेव्हा तो पुस्तकात होताच. शिवाय आर. जी. कर प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये जन्मठेप झालेला आरोपी रुग्णाचा नातेवाईक नव्हे, तर पोलिसांच्याच दिमतीतला नागरी स्वयंसेवक होता! तेव्हा कलमे वाढवून काय साधणार, हा प्रश्न रास्तच आहे.

पण मग आहेत ते कायदे राबवायचे कोणी? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या रुग्णालयांना बजावले, की हल्ला झाल्यास ६ तासांत संस्थाप्रमुखानेच गुन्हा नोंदवावा. कलमांच्या जाडजूड मसुद्यांपेक्षा हे एक परिपत्रक अधिक उपयोगाचे आहे. तक्रारीचा भार ते मार खाणाऱ्याच्या खांद्यावरून उतरवते. मात्र ते केंद्राच्या अखत्यारीपुरते. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य राज्यांचे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयाच्या रात्रपाळीत मार खाल्लेल्या परिचारिकेला ते लागू नाही. ठाण्यात जायचे की नाही, हे तिनेच ठरवायचे, आणि दुसऱ्या रात्री त्याच वॉर्डात तिची पाळी असते.