बाबागाडी घेताना आजी-आजोबांना विचारा

घरात बाळ येणार असल्याची वार्ता कळली की खरेदीची यादी तयार होऊ लागते. झबली, दुपटी, लंगोट, पाळणा यांच्या जोडीला हल्ली त्या यादीत बाबागाडीही असते. गाडीचा रंग, गादीची मऊशार वीण, खेळणी अडकवण्याची कमान हे सारे बारकाईने पाहिले जाते. ती गाडी रोज ढकलणार कोण, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. अनेक घरांत त्याचे उत्तर आजी किंवा आजोबा हेच असते.

आपल्या बीड जिल्ह्यात हे अधिकच खरे आहे. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीसाठी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अंगावरचे दूध सुटलेली नातवंडे पुष्कळदा गावी आजी-आजोबांपाशीच राहतात. दुसऱ्या प्रकारच्या घरात मुलगा आणि सून पुण्यात नोकरीला असतात आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर आजी-आजोबांचा मुक्काम काही महिने तिकडे हलतो. दोन्ही घरांची परिस्थिती वेगळी असली, तरी मूल उचलणारे हात साठीपलीकडचे असतात. म्हणून बाबागाडी बाळाइतकीच त्या हातांनाही मानवली पाहिजे.

आजोबांनी घडवलेली गाडी

छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी जगाला मिळाली ती एका आजोबांमुळेच. ओवेन मॅक्लारेन हे ब्रिटिश विमान-अभियंते. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. नातवंडाला घेऊन आलेल्या लेकीची अवजड गाडीशी चाललेली झटापट त्यांनी पाहिली आणि विमानाच्या बांधणीचे ज्ञान वापरून अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, घडी होणारी गाडी तयार केली. १९६५ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिचे वजन तीन किलोंहूनही कमी होते. गाडी वाहणाऱ्याचे श्रम कमी करणे हाच त्या शोधामागचा हेतू होता.

आधी स्वतःचे शरीर पाहा

वर्षाचे बाळ साधारणपणे जन्मवजनाच्या तिप्पट, म्हणजे सुमारे ९ किलोंचे होते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होत जातात. कमरेत वाकून असे ओझे झटक्याने उचलल्यास मणका दबून त्याला चीर पडू शकते. बाळाला उचलताना गुडघ्यांत वाकावे आणि त्याला छातीशी घेऊन उठावे. गुडघे वाकत नसतील तर बाळाला आधी खाटेवर बसवावे आणि तेथून घ्यावे.

गाडीमुळे हे ओझे हलके होते, पण गाडीच दहा-बारा किलोंची असेल तर ती रिक्षात चढवताना पाठ पुन्हा धरते. ज्येष्ठांसाठी सहा-सात किलोंच्या आतली गाडी बरी. दांडा कमरेच्या थोडा वर यावा, कोपर किंचित वाकलेले राहावे आणि पाठ ताठ असावी. दांडा खाली असेल तर माणूस पोक काढून चालतो. तो फार वर असेल तर खांदे भरून येतात. आजोबा उंच आणि आजी ठेंगणी असतील, तर दांड्याची उंची बदलता येणारी गाडी घ्यावी.

एक धोका विशेष सांगण्यासारखा आहे. काही ज्येष्ठ बाबागाडीचा काठीसारखा आधार घेतात. काठी जमिनीवर रुतून उभी राहते, गाडी मात्र भार पडताच पुढे धावते. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना ज्यांना भोवळ येते, मधुमेहामुळे ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत किंवा जे गेल्या वर्षभरात पडले आहेत, त्यांनी एकट्याने गाडी घेऊन रस्त्यावर जाऊ नये. साडीचा पदर आणि निऱ्या चाकात अडकणार नाहीत याकडेही लक्ष असावे.

मग रस्ता पाहा

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या छान चालतात. आपल्या गल्लीत मात्र गटाराची जाळी, उखडलेले डांबर, गतिरोधक आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असतो. लहान पुढची चाके फटीत अडकली की गाडी पुढच्या बाजूला कलंडते. खडबडीत रस्त्यासाठी मोठी, रुंद चाके हवीत. शहरातील सदनिका, लिफ्ट आणि बाग एवढाच वावर असेल तर छोट्या चाकांची हलकी गाडी पुरते.

भाजीची पिशवी दांड्याला अडकवू नये, कारण बाळाला उचलताच गाडी मागे उलटते. परळीच्या वैजनाथ मंदिरासारख्या पायऱ्यांच्या ठिकाणी बाळासकट गाडी उचलण्याचे धाडस करू नये. बाळ एकाने घ्यावे आणि गाडी दुसऱ्याने.

बाळाचे वय आणि पट्टे

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच योग्य. मान न सावरलेले बाळ बसत्या गाडीत झोपले, तर हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबू शकतो. बाळ गाडीत झोपी गेले तर घरी पोहोचताच त्याला सपाट अंथरुणावर उताणे निजवावे.

दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन बाजू आणि मांड्यांमधून येणारा, असा पाच टोकांचा पट्टा प्रत्येक वेळी बांधावा. घडी घालताना बाळाला दूर ठेवावे. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेन कंपनीच्याच सुमारे १० लाख गाड्यांबाबत दुरुस्तीची मोहीम काढावी लागली, कारण बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. नातेवाइकांकडून आलेली जुनी गाडी वापरण्यास हरकत नाही, मात्र बिजागऱ्या, ब्रेक आणि पट्ट्यांची शिवण तपासून घ्यावी.

उन्हाळ्यातील काळजी

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. ऊन लागू नये म्हणून गाडीवर कोरडे कापड टाकण्याची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पातळ कोरड्या कापडाने गाडीतील तापमान सुमारे २.५ अंशांनी वाढल्याचे दिसले. तेच कापड ओले केल्यावर तापमान ४ अंशांहून अधिक उतरले. वाळ्याच्या ताट्यांमागचे तत्त्वही हेच आहे आणि आपल्या कोरड्या हवेत ते उत्तम लागू पडते. कापड पातळ सुती असावे, ते वरचेवर ओले करावे आणि समोरची बाजू मोकळी ठेवावी. तरीही दुपारी बाळाला बाहेर न नेणेच श्रेयस्कर.

दुसरे बाळ येते तेव्हा

थोरले दोन-अडीच वर्षांचे असेल तर लगेच जोडगाडी घेण्याची घाई नको. दोन मुलांसह ती वीस-पंचवीस किलोंहून अधिक भरते आणि चढावर ज्येष्ठांना आवरत नाही. शेजारी-शेजारी बसण्याची गाडी घ्यायचीच असेल तर आधी दाराची आणि लिफ्टची रुंदी मोजावी. थोरल्याला एक हात देऊन दुसऱ्या हाताने गाडी ढकलणे वर्दळीच्या रस्त्यावर धोक्याचे असते. अशा वेळी सोबतीला आणखी कोणी मोठे माणूस असावे.

गाडी नसली तरी

ज्या घरात बाबागाडी परवडत नाही किंवा रस्ताच तिच्या योग्यतेचा नाही, तेथील मुलाचे काहीही उणे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार लहान मुलांना एका वेळी एका तासाहून अधिक काळ गाडीत बांधून ठेवू नये. जमिनीवर सतरंजी, सोबत आजीच्या गप्पा आणि रांगायला मोकळी जागा, यांतून बाळाचे स्नायू घडतात. चाकांचे वॉकर मात्र आणू नये. त्यात बसून मुले पायऱ्यांवरून कोसळतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. उभे राहू लागलेल्या मुलासाठी, मोठ्यांच्या नजरेखाली, आपला जुना पांगुळगाडा पुरेसा आहे.

खरेदीपूर्वी पाच गोष्टी

१. जे रोज गाडी ढकलणार, त्यांनाच दुकानात न्यावे. मोबाईलवरून परस्पर मागवू नये.
२. गाडीत ५ किलो पिठाच्या दोन पिशव्या ठेवून ती चालवून आणि वळवून पाहावी.
३. नेहमीची चप्पल घालून पायाने ब्रेक लागतो आणि सुटतो का, हे तपासावे.
४. सांधेदुखी असलेल्या बोटांनी पट्ट्याचे कुलूप उघडते का, ते पाहावे.
५. घडी घालून गाडी एकदा गुडघ्यापर्यंत उचलावी. कमरेत कळ आली तर ती गाडी घेऊ नये.

एवढे केल्यावरही मनात शंका राहिली, तर खरेदी पुढे ढकलावी आणि तोवर बाळाचे अंगण म्हणजे घरची सतरंजी.