हाताला झेपेल एवढा सिनेमा

२००८ च्या पावसाळ्यात नंदुरबारला स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत बसून मी ‘बिग बक बनी’ उतरवून घेतला. सिनेमा जेमतेम दहा मिनिटांचा, पण उतरायला दोन दुपारी गेल्या. मग पेन ड्राइव्ह खिशात घालून एसटीने शहाद्याला आलो आणि ज्या संगणकावर लग्नाचे अल्बम करायचो त्यावरच तो लावला. लठ्ठ ससा, त्याला छळणारे तीन चिमुकले प्राणी, एवढीच गोष्ट. मी हरखलो ते वेगळ्याच कारणाने. ॲमस्टरडॅमच्या त्या लहानशा चमूने सिनेमाबरोबर सगळ्या मूळ फायलीही लोकांना मोकळ्या केल्या होत्या. सशाची हाडे, त्याची लव, झाडावरचा उजेड, सगळे उघडून बघायची मुभा. हलवायाने मिठाईबरोबर कढई आणि झाराही हातात ठेवावा, तसे वाटले मला.

ज्यावर हे केले ते ब्लेंडर सॉफ्टवेअर फुकट होते. २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडली. तेव्हा टॉन रूझेंडाल यांनी लोकांकडे हात पसरले, सात आठवड्यांत एक लाख युरो गोळा केले आणि हक्क सोडवून ते सर्वांसाठी खुले केले. त्या वर्गणीतला एक छदामही माझा नव्हता, आणि गेली सतरा वर्षे मी त्याच वर्गणीवर जगतो आहे.

त्या काळी आमच्याकडे सिनेमा म्हणजे मुंबई, आणि कमी पैशांतला सिनेमा म्हणजे मालेगाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला होता. पुढे त्यांनी हिरव्या कापडापुढे सुपरमॅनही उडवला. यंत्रमागावरची पोरे आपल्या गावात आपल्या पैशाने सिनेमा करतात, हे खानदेशाने डोळ्यांनी पाहिले होते. ॲनिमेशन मात्र कोणी मनातही आणत नव्हते. २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ आला, पोरांनी थिएटर डोक्यावर घेतले. पण तो कसा बनतो, हे मला सांगणारे आसपास कोणी नव्हते.

आता मागे वळून पाहताना कळते, की हे काम महाराष्ट्रात सुरू झाले तेच दोन माणसांच्या बळावर. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने टिपली आणि क्षणभरात रोप उगवताना दाखवले. ती फिल्म दाखवून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसे उभे केले. फिल्मच्या कडेला भोके पाडायला त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बसत. १९१५ मध्ये फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. काडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. त्याची प्रत उरलेली नाही, याची हळहळ मला कायम वाटते. १९३४ मध्ये पुण्यात प्रभातचा ‘जंबूकाका’ नावाचा कोल्हा पडद्यावर आला, पण त्याच्यामागे फार काही उभे राहिले नाही.

आणि मग २००६ मध्ये पुन्हा काडेपेटी आली. जे. जे.मध्ये शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’. एक एकटी म्हातारी, तिचे मांजर, आणि काडेपेट्यांवरच्या चित्रांमध्ये शिरून ती पाहते ती रंगीत जगे. पंधरा मिनिटांची ही फिल्म त्यांनी जवळजवळ एकटीने काढली, रंगवली, आणि ती कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये गाजली. मी ती पुष्कळ उशिरा पाहिली. काडी आणि काडेपेटी यांच्यामध्ये नव्वद-एक वर्षे आहेत, पण हात त्याच जातीचा आहे.

पूर्ण लांबीच्या सिनेमाचे गणित मात्र वेगळे. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे ऐंशी मिनिटांना १ लाख १५ हजार २००. एक चित्र तयार करून द्यायला संगणकाला दहा मिनिटे लागली, तर एकाच संगणकाला रात्रंदिवस आठशे दिवस. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होते. लाइट गेली की इन्व्हर्टरवर संगणक वीस मिनिटे तगायचा, तेवढ्यात रेंडर थांबवून फाइल सांभाळायची. हिशोब मांडला त्या रात्री मी वही मिटून ठेवली.

पण त्याच सुमारास अमेरिकेत निना पेली या बाईंनी ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा ८२ मिनिटांचा सिनेमा घरच्या संगणकावर, वर्षानुवर्षे बसून, एकटीने पुरा केला होता. त्यातल्या रामायणाच्या मांडणीवर वाद झाले. जुन्या गाण्यांच्या हक्कांपायी त्यांना कर्ज काढावे लागले, आणि शेवटी सिनेमाच त्यांनी लोकांना मोफत देऊन टाकला. मला त्यातून एक गोष्ट पुरती पटली. त्यांनी सपाट, कातरकामासारखी चित्रे निवडली होती. हात-पाय सुटे, सांध्यात फिरणारे. एका बाईला ऐंशी मिनिटे झेपतील अशीच ती शैली होती, आणि त्या शैलीचेच कौतुक झाले. आम्ही उलटे करत होतो. मोठ्या स्टुडिओंचा चकचकाट डोळ्यांपुढे ठेवायचा आणि दहावा हिस्साही न जमल्यावर मशीनला शिव्या द्यायच्या.

मला हे शिकवले मिरचीने. २०१४ मध्ये एका छोट्या फिल्मसाठी नंदुरबारची पथारी दाखवायची होती. हिवाळ्यात शहराबाहेर लाल मिरची वाळत पडते, नजर जाईल तिथवर लाल. मी एक मिरची घडवली, देठ वाकवला, सालीवर सुरकुत्या पाडल्या, आणि तिच्या प्रती करत गेलो. चाळीस हजाराच्या आसपास संगणक गार पडला. तीन दिवस नुसती झटापट. मित्र डोकावून म्हणाला, “काय करी ऱ्हायना भो?” मी म्हटले, मिरची वाळवतोय. शेवटी मी सकाळी उठून खऱ्या पथारीवर गेलो आणि उकिडवा बसलो. तेव्हा दिसले, की पायापुढच्या वीस-पंचवीस मिरच्याच मिरच्या असतात. दोन हातांवर त्यांचा थर होतो आणि पुढे नुसता रंग, त्यावर बायकांच्या डोक्याला-तोंडाला बांधलेली फडकी. घरी येऊन पुढे तीस मिरच्या ठेवल्या, मागे रंगवलेला एक कागद अंथरला. दृश्य अकरा मिनिटांत रेंडर झाले. पाहणाऱ्यांना ठसका लागल्यासारखे झाले, एवढे पुरे होते.

तेव्हापासून कुठलाही सिनेमा पाहताना मी आधी बघतो, यांनी काय गाळले. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबलोदिस यांनी २०१९ चा ‘अवे’ साडेतीन वर्षे राबून एकट्याने केला, संगीतासकट. त्यात एक मुलगा, एक मोटारसायकल, एक पक्षी आणि मागे लागलेली एक काळी आकृती. संवाद नाहीत, गर्दी नाही. इशान शुक्ला यांच्या ‘शिरकोआ’मध्ये माणसे डोक्यावर कागदी पिशव्या घालून फिरतात. ती कथेचीच गरज आहे, पण चेहऱ्यांचे किती काम त्यात वाचले असेल, ते मला लगेच दिसते. २०१६ ची लघुफिल्म २०२४ मध्ये लांबीचा सिनेमा होऊन रॉटरडॅमला गेली. हा लांबीचा सिनेमा घडला संगणकावरच्या खेळांसाठीच्या अनरियल इंजिनवर.

यंत्राची अडचण खरी सुटली ती इथेच. २०१९ मध्ये ब्लेंडरमध्ये ईव्ही नावाची सोय आली. खेळात जसे चित्र लगेच उमटते, तसे ते इथेही उमटू लागले. झिलबलोदिस यांनी ‘फ्लो’ याच सोयीवर केला. चित्राला दहा मिनिटांऐवजी काही सेकंद. त्याच्या मांजराची लव केस-केस घडवलेली नाही, ब्रशने ओढल्यासारखी आहे. मांजर मांजरासारखे वागते, म्हणून ते खटकत नाही. मार्च २०२५ मध्ये ‘फ्लो’ला ऑस्कर मिळाले, तेव्हा त्या सकाळी मी स्टुडिओचे शटर उघडायच्या आत बातमी तीनदा वाचली. खर्च सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे तीस कोटींच्या वर. हॉलिवुडच्या मानाने हा चिल्लर, आमच्या मानाने डोंगर. ‘एका माणसाने फुकटच्या सॉफ्टवेअरवर ऑस्कर आणले’ असे संदेश फिरले, ते मला आवडले नाहीत. त्यामागे तीन देशांतली माणसे होती आणि त्यांना पगार होते.

दुखणे तिथेच आहे. गीतांजलींचा ‘बॉम्बे रोज’ २०१९ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा सिनेमा ठरला. संगणकावर पण हाताने, चित्रामागून चित्र रंगवलेला. सुमारे साठ चित्रकार, दीड वर्ष. शिल्पा रानडे यांचा ‘गोपी गवैया बाघा बजैया’ बालचित्र समितीच्या पैशावर उभा राहिला, २०१३ मध्ये टोरांटोला गेला, आणि आपल्या थिएटरांत यायला २०१९ उजाडले. ती समिती पुढे एनएफडीसीत विलीन झाली. मराठीत २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ आला. त्याच्यासारखे आणखी दहा यायला हवे होते. ते आले नाहीत, याचे कारण सॉफ्टवेअर नाही. तीन वर्षे घरात बसून चित्रे हलवणाऱ्याच्या घरात किराणा कोण भरणार, हे ठरलेले नाही. माझा किराणा लग्नसराई भरते. म्हणून माझे काम जूनला सुरू होते आणि तुळशीच्या लग्नाला थांबते.

सध्या आम्ही तिघे मिळून चार मिनिटांची फिल्म करतो आहोत, काठी गावच्या राजवाडी होळीवर. ५७६० चित्रे. कमरेला भोपळे बांधलेला, अंगावर पांढरे ठिपके काढलेला, मोरपिसांचा टोप घातलेला बुध्या पहाटेच्या उजेडात नाचतो. पिसे एकेक घडवली नाहीत, एकाच कापडावर रंगवून डुलवली. सेकंदाला बाराच चित्रे हलवली, प्रत्येक चित्र दोनदा धरले, त्याने नाचाला ठेका आला. मी खुशीत होतो.

धडगावकडची एक मुलगी ठिपके आणि दागिने रंगवते, घरी पावरी बोलणारी. परवा तिने ते दृश्य दोनदा पाहिले आणि म्हणाली, “सर, भोपळे आधी वाजतात, पाय नंतर पडतो. तुम्ही उलटं केलंय.” मी म्हटले, पाय पडल्याशिवाय वाजतील कसे? ती उठली, तिने ओढणी कमरेला खोचली आणि टेबल सरकवून नाचून दाखवले. कंबर आधी जाते. मग पाय.

१८० चित्रे पुन्हा करायची आहेत. कालपासून बसलो आहोत.