काटा खोटं बोलतो तेव्हा

मिस्टर बीनची गाडी आठवते? पोपटी रंगाची, काळ्या बॉनेटची, दाराला चक्क कुलूप लावलेली! ती ब्रिटनची ‘मिनी’. पहिली मिनी 1959 मध्ये आली. लांबी जेमतेम 3 मीटर!

आता समज, 1970 च्या सुमाराच्या एका मिनीचा काटा म्हणतोय, ‘पेट्रोल संपलं!’ आणि टाकी तर काठोकाठ भरलेली. मग खोटं कोण बोलतंय?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डोकावलंयस कधी? दांडीला जोडलेला एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगत असतो. पाणी चढलं की गोळा वर! पेट्रोलच्या टाकीतही अस्साच एक फ्लोट असतो. त्याची दांडी तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. टाकी भरलेली, तर विजेची वाट सोपी. टाकी रिकामी, तर वाट अवघड आणि वीजही कमी.

थांब, पेट्रोलच्या टाकीत वीज? हो! पण अगदी किंचित. शिवाय आत पेट्रोलची वाफ सहसा इतकी दाट असते, की पेट घ्यायला पुरेशी हवाच नसते.

आता ओळख बघू, काट्याला हलवतं कोण? मोटर? छे! उष्णता!! काट्यामागे दोन धातू चिकटवून केलेली पट्टी असते. तिच्याभोवती बारीक तार. वीज आली की तार तापते, पट्टीही तापते. एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. झालं! पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. घरच्या काही इस्त्र्यांमध्येही अशीच पट्टी असते. म्हणून तर चावी फिरवल्यावर मिनीचा काटा टुणकन उडत नाही. हळू... हळू... चढतो. पट्टीला तापायला वेळ नको?

चला, आता खोटं कोण बोलतंय ते शोधू. मिनीची टाकी डिकीतच असते. मेकॅनिककाका डिकी उघडतात, टाकीवरची हिरवी-काळी वायर काढतात आणि चावी फिरवून तिचं टोक क्षणभर गाडीच्या पत्र्याला टेकवतात. म्हणजे विजेची वाट एकदम सोपी, जणू टाकी भरलेली! (तू मात्र लांबूनच बघायचं हं, पेट्रोल आहे ते!) काटा ‘फुल’कडे सरकू लागला? मग काटा निर्दोष, वायरही निर्दोष. गडबड टाकीत! काटा ढिम्म? मग वायर नाहीतर काटा बिघडलाय. आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही सोबत थापा मारत असेल, तर दोघांना मोजून वीज देणारा छोटा डबा आधी तपासायचा.

टाकीतला फ्लोट बाहेर काढला, की काका तो कानाशी धरून हलवतात. खळखळ! भोकातून पेट्रोल आत शिरलंय. बिचारा तरंगणार कसा? तो तळाशी बसला आणि काटा म्हणाला, टाकी रिकामी!

आणि गंमत ऐक. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत सगळं उलटं! तिथे तीच वायर पत्र्याला टेकवली, तर काटा ‘फुल’ नाही, थेट ‘एम्प्टी’ दाखवतो. म्हणून काका आधी विचारतात, ‘गाडी कुठली?’