परप्रांतीय विद्यार्थी : पाहुणा की गिऱ्हाईक?

सरकारी विद्यापीठाने राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना आमंत्रण का द्यावे, या प्रश्नाला दोन उत्तरे असतात. एक पदवीदान समारंभात ऐकू येते, दुसरे अंदाजपत्रकात वाचावे लागते. विद्येला सीमा नसतात, हे पहिले उत्तर. बाहेरच्या विद्यार्थ्याकडून अधिक फी घेता येते, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत; परंतु त्यांतले कोणते उत्तर धोरण ठरवते, यावर मुळशी तालुक्यातील कोळवणसारख्या गावच्या विद्यार्थ्याचे भवितव्य अवलंबून आहे.

पहिले उत्तर पोकळ मानण्याचे कारण नाही. एके काळी सिंध आणि कर्नाटकातील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत, आणि त्या सहवासाने महाराष्ट्राचे काही बिघडले नाही. वैद्यकीय प्रवेश सर्वस्वी राज्याच्या रहिवाशांसाठी राखून ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात बजावले. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय स्पर्धेला खुल्या झाल्या. या वाटेने येणारा विद्यार्थी गुणांवर येतो, पैशावर नव्हे. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

दुसऱ्या उत्तराचा इतिहासही जुना आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जाई. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध दाद मागितली. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते शुल्क वैध ठरवले. जन्मस्थान आणि निवास या भिन्न गोष्टी आहेत आणि रहिवासी राज्याच्या तिजोरीत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भर घालतो, असा त्यामागचा विचार होता. तो न्याय्यही आहे. कोळवणच्या खोऱ्यात भात पिकवणारा शेतकरी साबणाच्या वडीवरही कर भरतो. त्याच्या मुलाला सवलतीची फी मिळते ती उपकार म्हणून नव्हे.

परंतु फीमधला हा फरक रहिवाशाचे संरक्षण न राहता उत्पन्नाचे साधन झाला, म्हणजे चित्र पालटते. कर्नाटकातील खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांत सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या इतर विद्यार्थ्याला २५,००० पर्यंत आणि राज्याबाहेरच्याला ६०,००० पर्यंत, असा दर शासनाच्याच अधिसूचनेने ठरला होता. मेरठच्या मोहिनी जैन यांच्या खटल्यात १९९२ साली न्यायालयाने त्यावर आघात केला. ती महाविद्यालये खाजगी होती. पण सार्वजनिक विद्यापीठेही या मोहापासून मुक्त नाहीत. २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियाने आपल्या विद्यापीठाचे अनुदान कापले, आणि कितीतरी अधिक फी भरणाऱ्या परराज्यातील व परदेशी विद्यार्थ्यांची संख्या तेथे भराभर वाढली. स्थानिकांवर अन्याय होत असल्याचा ठपका राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१६ मध्ये ठेवला. दुसऱ्याच वर्षी १८ टक्क्यांची मर्यादा आली. बर्कली, लॉस एंजेलिस अशा ज्या शाखा तिच्या पुढे गेल्या होत्या, त्यांना होत्या तेथेच थांबवण्यात आले.

महाराष्ट्राने यातून बोध घ्यावा. पुणे विद्यापीठात प्राध्यापकांची अनेक मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि नवे अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर उभे राहिले. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अतिरिक्त जागा निर्माण करण्यास मुभा दिली. जागा अतिरिक्त असल्याने स्थानिकाची जागा जात नाही, हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. परंतु अतिरिक्त जागेबरोबर अतिरिक्त प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि वसतिगृहाची खोली आपोआप येत नाही. पौडमार्गे पुण्याला येणाऱ्या कोळवणच्या मुलाला फीच्या सवलतीइतकीच त्या खोलीची गरज असते.

त्याच मुळशी तालुक्यात लवळ्याच्या टेकड्यांवर देशभरातील विद्यार्थी शिकतात. ती विद्यापीठे खाजगी आहेत. त्यांचे शुल्क ज्याला झेपेल त्याने भरावे. ज्याला ते झेपत नाही, त्याच्यासाठी उरते ते सरकारी विद्यापीठ. तेही गिऱ्हाईक शोधू लागले, तर त्याने जायचे कोठे?

म्हणून दरवाजे बंद करण्याची मागणी चुकीची आहे. मागणी हिशेबाची हवी. बाहेरच्यांकडून मिळणारे जादा शुल्क किती आणि ते कोठे खर्च झाले, हे विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे. त्यातला ठरावीक वाटा ग्रामीण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर खर्च व्हावा. आणि विद्यापीठ कमावते म्हणून अनुदानाला कात्री लावण्याचा मोह शासनाने टाळावा. कारण त्या मोहापासूनच या साऱ्या अनर्थाला आरंभ होतो. परप्रांतातून आलेला तरुण हा विद्यापीठाचा पाहुणा आहे. त्याला गिऱ्हाईक केले, तर त्याचाही अपमान होतो आणि घरच्या मुलाचाही.