जुनी रायफल घेण्याआधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगरकड्याच्या शिवारात ऊस वाढला की रानडुकरांना दडायला जागा मिळते. रातोरात कळप भुईमूग उकरतो, हरभऱ्यात रोही शिरतात आणि शेतकऱ्याच्या नशिबी जागल येते. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ‘एखादी जुनी रायफल बघा.’ त्रास खरा आहे. पण या उपायाभोवती चुकीच्या समजुती फार आहेत, आणि त्यातली एखादीही माणसाला कोर्टात किंवा दवाखान्यात नेऊ शकते.

गैरसमज: पीक राखायचं म्हटलं की रायफलचा परवाना मिळतो.

वस्तुस्थिती: 1959 च्या शस्त्र कायद्यातल्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे बारा बोअर वगैरे. नळीत पीळ असलेली रायफल या सवलतीत बसत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं. यामागे विचार आहे. छर्ऱ्यांचा नेमका मारा चाळीस-पन्नास मीटरपर्यंत असतो, रायफलची गोळी मात्र दोन किलोमीटरपलीकडेही जीव घेऊ शकते. रात्री लाइट आली म्हणून मोटार सुरू करायला निघालेला माणूस किंवा शेजारच्या आखाड्यावर झोपलेलं कुटुंब त्या टप्प्यात येतं.

गैरसमज: बंदुकीचा परवाना असला की डुक्कर मारता येतं.

वस्तुस्थिती: शस्त्राचा परवाना शस्त्रापुरताच. जनावरासाठी 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी कलम 11 खाली मिळू शकते, पण ती अधिकृत वनाधिकाऱ्याकडून आणि लेखीच हवी. मारलेलं जनावर सरकारचं असतं, त्याचं मटण घरी नेता येत नाही. काळवीट तर अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आहे.

गैरसमज: मालक ओळखीचा आहे, पैसे दिले की व्यवहार पुरा.

वस्तुस्थिती: घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या शस्त्राचा स्वतःचा परवाना आधी हवा. विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबायचं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, आणि विनापरवाना शस्त्र बाळगल्यास 2 ते 5 वर्षांची कैद आहे. ‘आजोबांची आहे, माळवदावर पडून होती’ हा बचाव चालत नाही. परवानाधारक वारला की शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसानं स्वतःच्या नावे अर्ज करायचा.

गैरसमज: लाकूड चकचकीत म्हणजे रायफल चांगली.

वस्तुस्थिती: नेमबाजी किंवा अन्य कायदेशीर कारणासाठी परवाना असलेल्याला आपल्याकडे जुन्यात बहुधा इच्छापूरच्या कारखान्याची .315 बोल्ट अ‍ॅक्शन दिसते. तिची रचना ली-एनफिल्डच्या धर्तीची आहे. दस्त्याला पॉलिश तासाभरात होतं. खरी परीक्षा नळीची. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटानं खात्री करा, मग बोल्ट बाहेर काढून मागच्या बाजूनं उजेडाकडे बघा. पीळ धारदार आणि सलग दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर गंज आत उतरलाय. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमधला क्षार नळीत राहतो, ओल धरतो आणि पावसाळ्यात धातू खातो. नळीच्या तोंडाची कडाही बघा. पुढून गज घालून साफ केलेल्या रायफलीत ती झिजते आणि नेम बिघडतो. बोल्टवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर जुळतो का, तोच नंबर परवान्यावर आहे का, हेही पाहा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल, तर बोल्टचं तोंड आणि काडतूस यांतलं अंतर कारागिराकडून गेजनं मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. ते अंतर वाढलेलं असेल तर काडतूस फाटून गरम वायू थेट चेहऱ्यावर येऊ शकतो.

गैरसमज: .303 आणि .315 सारख्याच, काडतूस कुठलंही चालतं.

वस्तुस्थिती: दोन्ही काडतुसं वेगळी आहेत. .303 लष्करी बोअर असल्यानं सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. नळीवर कोरलेलं काडतूसच वापरायचं, दुसरं घालून बघणं हा जिवाशी खेळ आहे.

गैरसमज: भरपाईचे कागद करण्यात अर्थ नाही, गोळी हाच उपाय.

वस्तुस्थिती: वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई राज्य सरकार देतं. तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज करा, फोटो काढा, सातबारा जोडा आणि पंचनामा होईपर्यंत उकरलेली जागा तशीच ठेवा. एक डुक्कर मारल्यानं कळप थांबत नाही. गावानं मिळून केलेलं कुंपण आणि वेळेवर झालेले पंचनामे शेतकऱ्याच्या जास्त उपयोगी पडतात. रायफल घ्यायचीच असेल, तर आधी कागद, मग नळी आणि शेवटी किंमत, याच क्रमानं बघा. क्रम उलटा झाला, तर पीक राखायला निघालेला माणूस आरोपी म्हणून उभा राहतो आणि त्याची सगळी झळ घरच्यांना सोसावी लागते.