उन्हातान्हात आपलं रक्त काय काम करतं?

उन्हाळ्यात आपल्या परभणी जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. तरी धडधाकट माणसाच्या अंगाची उष्णता ३७ अंशांच्या आसपासच राहते. हा तोल सांभाळण्यात मोठा वाटा रक्ताचा असतो.

बाईच्या अंगात साधारण चार ते पाच लिटर रक्त असतं. हृदय ते सतत फिरवतं. काम करताना आत तयार होणारी उष्णता रक्त कातडीपर्यंत आणतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो, आणि तो वाळताना अंग गार होतं. थंडीत त्याच वाहिन्या आकसतात आणि ऊब आत राहते.

पण घामाचं पाणी येतं रक्तातूनच. आपल्या वालूरच्या बारवेत पाणी खाली गेलं की जास्त पायऱ्या उतराव्या लागतात. तसंच रक्तातलं पाणी घटलं की हृदयाला जास्त धावावं लागतं. छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात, म्हणून लघवी कमी आणि गडद पिवळी होते.

आणि आपण काय करतो? शेतात आडोसा नाही, म्हणून पाणीच पीत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं. त्यात हिमोग्लोबिन कमी असेल, तर हृदयावर आधीच जास्त भार असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये ते कमी आढळलं.

म्हणून गटाच्या बैठकीत एवढं ठरवू या. खुरपायला जाताना चार काठ्या आणि जुनं लुगडं न्यायचं, बांधावर आडोसा करायचा. तहान लागायची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्यायचं. खूप घाम गेला किंवा जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यायचं. बीपी, साखर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. हिमोग्लोबिन आशाताईंच्या मदतीने तपासून घ्यायचं.

एखादी बरळू लागली, बेशुद्ध पडली, अंग तापलं, तर तिला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी ओतू नका.

रक्त आपलं काम चोख करतं. त्याला लागणारं पाणी मात्र आपणच द्यायचं आहे.